शेवटच्या नोंदीनंतर

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर मौले बूसेल्हाम या गावाला लागून मर्जा झर्गा हे खाजण-सरोवर आहे. बारीक चोचीच्या कर्ल्यूची निर्विवाद अशी शेवटची नोंद तिथली, फेब्रुवारी १९९५ची.

कर्ल्यू म्हणजे खाली वाकलेल्या लांब चोचीने चिखलातले किडे-खेकडे टिपणारा पक्षी. त्याचा थोरला भाऊबंद हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांवर उतरतो. हा त्याहून लहान, निमुळत्या चोचीचा. व्हिएइयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने १८१७ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे शंभर वर्षे भूमध्य समुद्राभोवती त्याची शिकार होत राहिली. काही पक्षी कातडे भरून संग्रहालयांत गेले.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मर्जा झर्गाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पक्षी हिवाळ्यात येत. ते पाहायला युरोपातून दुर्बिणी घेऊन माणसे येऊ लागली. १९९५ नंतर तिथे कुणी आले नाही असे नाही. पक्षी आला नाही. २००९-१० मध्ये अनेक देशांत मिळून शोधमोहीम झाली. हाती काही लागले नाही.

मला या इतिहासात अधिक बोलका वाटतो तो घरट्यांचा प्रश्न. ती फक्त एका माणसाने पाहिल्याची नोंद आहे: उशाकोव्हने, १९०९ ते १९२५ दरम्यान, सायबेरियातल्या तारा गावाजवळच्या दलदलीत. त्या आधारावर पुढच्या मोहिमा त्याच बाजूला गेल्या. मात्र संग्रहालयांतल्या कोवळ्या पक्ष्यांच्या पिसांचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा वेगळेच निघाले. पीस ज्या प्रदेशात वाढते तिथल्या पाण्याची खूण त्यात उरते. ती खूण दक्षिणेकडे, उत्तर कझाकस्तान आणि लगतच्या रशियातल्या गवताळ माळांकडे बोट दाखवत होती. ते माळ १९५४ पासून सोव्हिएत सरकारच्या 'पडीक जमीन' मोहिमेत मोठ्या प्रमाणावर नांगरले गेले.

म्हणजे दुर्बिणी सरोवराकडे वळल्या, त्याच्या तीसेक वर्षे आधीच विणीच्या माळावर नांगर फिरला होता. शिकारीचा वाटाही होताच. नेमके कशाने किती नुकसान केले, याचा हिशेब आता मांडता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएनने हा पक्षी नामशेष जाहीर केला.

दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदी खूप होतात, कारण तो पाहायला माणसे येतात. हा पक्षी नेहमीचा होता तेव्हा तो कुठे वीण करतो, हे विचारणारे फार थोडे होते. आपल्या खाड्यांवर आज थव्याने दिसणाऱ्या पक्ष्यांची मोजणी मला म्हणूनच अधिक निकडीची वाटते.