रेडॉन वायु आणि बॉयरटाउनचें घर

इ. स. १९८४ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. लिमरिक येथें अणुशक्तीवर वीज उत्पन्न करणारा कारखाना उभारला जात होता. कामगारांच्या अंगास किरणोत्सर्गी कण चिकटले आहेत कीं काय, हें पाहण्यासाठीं तेथें दाराशीं यंत्रें बसविलीं होतीं. एक अभियंता जवळ आला कीं, हीं यंत्रें वारंवार घंटा वाजवूं लागलीं. वीजनिर्मितीस तर अद्याप प्रारंभही झाला नव्हता! अखेर उघड झालें तें असें कीं, हे कण तो कारखान्यांतून घरीं नेत नव्हता. घरून कारखान्यांत आणीत होता.

बॉयरटाउन गांवाजवळील त्याच्या घराची हवा तपासली, तेव्हां तींत दर लिटरमागें सुमारें २,७०० पिकोक्युरी इतका रेडॉन आढळला. पिकोक्युरी हें किरणोत्सर्गाचें एक माप होय. ज्या मर्यादेपुढें घर दुरुस्त करण्याचा सल्ला अमेरिकन सरकार देतें, ती मर्यादा अवघी ४ आहे. १९८५ च्या जानेवारींत त्या कुटुंबानें घर सोडलें.

हा रेडॉन येतो कोठून? खडकांत व मातींत थोडेंफार युरेनियम असतेंच. त्याच्या विघटनांतून रेडियम, व रेडियमपासून रेडॉन वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. मोकळ्या हवेंत तो विरून जातो; परंतु तळघराच्या भेगांतून आंत शिरला, तर बंद घरांत सांचतो. त्यापासून झालेले कण श्वासाबरोबर फुप्फुसांत बसतात, व कर्करोगास कारण होतात. मीं पस्तीस वर्षें भूगोल शिकविला, खडकांच्या जाती मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण खडक श्वासावाटें आपल्या उरांत शिरतो, हें मला कधीं सुचलें नाहीं.

सॅक्सनींतील श्नेबर्गच्या खाणकामगारांना ग्रासणारा जुना रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोगच, हें हार्टिंग व हेस यांनीं १८७९ मध्यें दाखविलें होतें. रेडियममधून निघणारा हा वायु डॉर्न यानें १९०० मध्यें ओळखला. म्हणजे खाणीच्या तोंडाशीं उभें असलेलें ज्ञान सामान्य गृहस्थाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोंचावयास एक शतक लागलें!

बॉयरटाउनचा प्रदेश 'रीडिंग प्राँग' या युरेनियमयुक्त खडकांच्या पट्ट्यांत मोडतो. तेथें मग घरोघर तपासणी सुरू झाली. पुष्कळ घरांत वायूचें प्रमाण अधिक निघालें. आणि नवल असें कीं, त्या अभियंत्याच्या शेजारच्याच एका घरांत तें अल्प होतें. जमीन, पाया, भेगा, हवेची ये-जा, या सर्वांवर तें अवलंबून असतें. म्हणून शेजाऱ्याचें घर निर्धोक, यावरून आपलेंही तसेंच असें अनुमान करणें व्यर्थ होय.

उपाय मात्र साधे आहेत. कोळशाची एक लहान डबी राहत्या घराच्या सर्वांत खालच्या खोलींत, खिडक्या बंद ठेवून, दोन ते सात दिवस उघडी ठेवावयाची व प्रयोगशाळेकडे पाठवावयाची. प्रमाण अधिक निघाल्यास फरशीखालीं नळ घालून, पंख्यानें वायु ओढून छपरावर सोडतात. अशाच उपायांनीं तें घर शुद्ध झालें, आणि कांहीं महिन्यांनीं तें कुटुंब परत राहावयास आलें. १९८८ मध्यें अमेरिकेंत या विषयाचा कायदाही झाला.

आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें आज त्या देशांत घरें विकत घेत आहेत. त्यांना पत्र लिहितांना प्रकृतीची चौकशी आपण करतोंच, त्याबरोबर एवढेंही विचारावें : "तळघराची हवा तपासून घेतलीस ना?"