धातु-ऑक्सिकारक मिश्रणे

धातु-ऑक्सिकारक मिश्रणे : धातूचे बारीक चूर्ण आणि आपल्या ठायी ऑक्सिजन बाळगणारे दुसरे घन द्रव्य यांची, एकदा पेटल्यावर बाहेरच्या हवेची अपेक्षा न राखता जळणारी मिश्रणे. शोरा, बेरियम नायट्रेट, परक्लोरेट, इतकेच काय पण लोखंडाचा गंजसुद्धा, येथे ऑक्सिजनचा पुरवठेदार होऊ शकतो. बंदुकीच्या दारूतील कोळसा व गंधक जळताना पुष्कळ वायू निघतात व ढकलण्याची शक्ती त्यांतूनच येते. उलट धातूचे दहन झाले की घन किंवा द्रवरूप ऑक्साइड मागे उरते, उष्णता त्यातच साठून राहते, आणि तेच तापून शुभ्र प्रकाश देते.

जालन्याचा मस्तगड हा किल्ला १७२५ मध्ये बांधला गेला, त्या काळी गढीकोटांच्या दारूगोळ्याची सारी मदार शोरा, गंधक व कोळसा या त्रयीवर असे. धातूला खरा मान होता तो आतषबाजीत. ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावे असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृतींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी. त्या कृतींत लोहचूर्ण आणि तीक्ष्णलोहाचे चूर्ण यांची स्वतंत्र नोंद आहे, आणि हा भेद केवळ पाठांतराचा नसून अनुभवाचा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण शुद्ध लोखंडाची ठिणगी सरळ रेघ ओढून विझते, तर कार्बनयुक्त पोलादाची वा बिडाची ठिणगी आतील कार्बनचा वायू होताच फुटून तिला फाटे फुटतात. भुईनळ्यात बिडाचा कीस घालतात तो याचसाठी. फुलबाजीतील ॲल्युमिनियम मात्र अर्वाचीन. १८८६ साली विद्युत्-पृथक्करणाची रीत निघाल्यावरच ती धातू स्वस्त झाली.

ऑक्सिजनविषयी ॲल्युमिनियमची ओढ लोखंडाहून कितीतरी प्रबळ असल्याने ते लोहऑक्साइडातील ऑक्सिजन हिरावून घेते आणि लोखंड मोकळे करते. या क्रियेवर आधारलेल्या थर्मिटचे एकस्व हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञाने १८९५ मध्ये घेतले. दुसऱ्या महायुद्धात याच जातीच्या द्रव्यांचे आगबाँब शहरांवर पडले. पण भारतीय रेल्वेत थर्मिटचा खरा उपयोग रूळ जागेवरच सांधण्याचा. रुळांच्या टोकांभोवती साचा बसवून ती आधी तापवतात; वरच्या मुशीत काही सेकंद डोळे दिपवणारा लोळ उठतो, तापमान २,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, हलकी मळी वर तरंगते आणि जड लोहरस तळच्या छिद्रातून सांध्यात उतरतो. निवल्यावर उरलेला उंचवटा छाटून व घासून रुळाच्या पृष्ठाशी समपातळीत आणतात.

ऑक्सिजन मिश्रणाच्या आतच असल्याने ही आग गुदमरवून विझत नाही, आणि पाणी ओतणे तर अनर्थकारक, कारण तप्त धातू पाण्यातून हायड्रोजन मोकळा करते. कोरडी वाळू आसपास पसरणाऱ्या आगीस आवर घालते, इतकेच. क्लोरेट व गंधक यांचे मिश्रण घर्षणानेही भडकत असल्याने भारतात १९९२ पासून त्यास मनाई आहे. आतषबाजीच्या कारखान्यांचे परवाने व तपासणी हे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे.