तळटीप : अमांडा क्रॉस

* अमांडा क्रॉस : न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन हाइलब्रन (१९२६–२००३) यांचे टोपणनाव. या नावाची पहिली कादंबरी, 'इन द लास्ट अॅनालिसिस', १९६४ साली आली. हाइलब्रन यांची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. प्राध्यापकबाई फावल्या वेळात खुनाच्या गोष्टी लिहितात हे कळले असते, तर विभागातल्या ज्येष्ठांनी त्यांची समीक्षाही हलक्यात काढली असती. म्हणून ही लपवाछपवी. पुढे 'रायटिंग अ वुमन्स लाइफ' (१९८८) या पुस्तकात त्यांनी या टोपणनावाविषयी सविस्तर लिहिले. स्वतःसाठी वेगळी ओळख घडवण्याची ओढही त्यामागे होती, असे त्यात दिसते.

नायिका केट फान्सलर हीही इंग्रजीचीच प्राध्यापक, आणि चौदा कादंबऱ्यांत तपासात तिचा वाटा. 'द जेम्स जॉइस मर्डर'मधल्या प्रकरणांना जॉइसच्या 'डब्लिनर्स'मधील कथांची शीर्षके आहेत. रहस्याची वीण मात्र बऱ्याचदा सैल; खुनी कोण यापेक्षा जेवणाच्या टेबलावरचे वाद अधिक रंगतात. अपवाद 'डेथ इन अ टेन्युअर्ड पोझिशन' (१९८१). हार्वर्डच्या इंग्रजी विभागात नेमलेल्या पहिल्या स्त्री-प्राध्यापकाचा मृतदेह तिथल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात सापडतो. संशयित म्हणजे जवळजवळ सगळा विभागच! उलगडा इथे देत नाही. हाइलब्रन यांनी १९९२ साली कोलंबिया सोडले, तेही स्त्रियांना तिथे मिळणाऱ्या वागणुकीचा जाहीर निषेध करून.