पाय सोडवण्याचा इतिहास

मागच्या वर्षी रामनवमीच्या दोन दिवस आधी मी पोहरादेवीत सायकलवरून पडलो. वेग किती? शून्य! शून्य वेगात पडण्याची कला फक्त क्लिपलेस पायडलवाल्यांनाच जमते. :-)

झालं असं की दिग्रसला मामाकडे आलो होतो, सोबत रोड बाईक होती. म्हटलं, सकाळच्या गारव्यात पोहरादेवीला जाऊन येऊ. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. इथे जगदंबेचं मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, म्हणून बंजारा समाजाची काशी म्हणतात. रामनवमीला लांबलांबून तांडेच्या तांडे येतात. त्या दिवशीही गर्दी व्हायला लागलीच होती. पुढची जीप थांबली, मी ब्रेक दाबला, आणि उजवा पाय काही सुटेना. झाड पडावं तसा आडवा झालो. फेटिया-कांचळी घातलेली एक म्हातारी याडी माझ्या हँडलपासून वीतभर अंतरावर होती. मला कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. तिनेच मला हात दिला. पण त्या वीतभर अंतराने मला रात्री झोपू दिलं नाही. मी पडलो तर माझं नशीब, पण ती पडली असती तर?

आमच्या धंद्यात 'रिलीज' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. पायडलच्या दुनियेतही तोच शब्द कळीचा आहे हे मला तेव्हा कळलं. मग पुण्याला परतल्यावर दोन-तीन शनिवार-रविवार पायडलचा इतिहास वाचण्यात घालवले.

आधी नावाचा घोळ. 'क्लिपलेस' म्हणजे क्लिप नसलेलं, आणि बूट तर त्यात खटकन अडकतो! गंमत अशी की इथे क्लिप म्हणजे टो-क्लिप. पायडलच्या पुढे लावलेला तो पत्र्याचा पिंजरा आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा. शर्यतवाल्यांनी जवळजवळ शंभर वर्षं यावरच काढली. पट्टा आवळला की पाय घट्ट, पण थांबायच्या आधी खाली वाकून तो सैल करायचा. विसरलात की आडवे. म्हणजे माझ्या पडण्याला मोठी परंपरा आहे!

पिंजरा नको, बूटच पायडलला अडकवू, ही कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जुनी. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ मध्येच तसं पायडल केलं होतं. ते चाललं नाही. पुढे १९७१ च्या सुमारास इटलीच्या चिनो चिनेल्ली यांनी 'एम७१' काढलं. पाय मस्त अडकायचा, पण सोडवायला मात्र हाताने खाली खटका ओढावा लागे! लोकांनी त्याला चक्क 'मरणाची खिट्टी' असं नाव ठेवलं. ट्रॅकवर ठीक आहे, तिथे मध्येच जीप थांबत नाही. रस्त्यावर कोण वापरणार?

उत्तर सायकलवाल्यांकडून आलंच नाही, ते बर्फावरून आलं. फ्रान्सची लूक ही कंपनी स्कीच्या पट्ट्यांना बूट अडकवणारे सांधे बनवायची. स्कीवाला घसरून पडला आणि बूट सुटला नाही तर पाय मोडतो. त्यामुळे या मंडळींचा सगळा अभ्यास नेमक्या वेळी कसं सोडावं यावर होता. तीच अक्कल त्यांनी १९८४ मध्ये पायडलला लावली. पुढून टेकवा, दाबा, अडकलं. टाच बाहेर फिरवा, सुटलं. हाताची गरजच नाही. १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनो यांनी हीच पायडलं वापरून जिंकली आणि पाहता पाहता शर्यतींतून पट्टे गायब झाले.

पण सुरुवातीच्या या क्लीटमध्ये (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेली खिट्टी) पाय अगदी जखडून जायचा आणि गुडघे कुरकुरायचे. म्हणून मग पायाला थोडं डावं-उजवं हलू देणारी पायडलं आली. याला 'फ्लोट' म्हणतात. १९९० मध्ये शिमानोने एसपीडी काढलं. त्यात दोन स्क्रूची छोटी लोखंडी क्लीट बुटाच्या तळव्याच्या खाचेत लपते, त्यामुळे उतरून माणसासारखं चालता येतं. चिखलात सायकल खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माउंटन बाईकवाल्यांसाठी केलेली ही सोय.

आता विचार करा. नुसतं अडकवायचं कसं हे १८९५ मध्येच सुटलेलं कोडं होतं. पुढची नव्वद वर्षं गेली ती सोडायचं कसं यात!

मग निवडायचं कसं? एक गैरसमज आधी काढून टाकू. क्लिपलेस घेतलं की वर येणाऱ्या पायाने ओढून दुप्पट जोर लावता येतो, असं दुकानात सांगतात. प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर एका लयीत जाताना कसलेले सायकलपटूसुद्धा फारसं ओढत नाहीत, फार तर वर येणाऱ्या पायाचं ओझं हलकं करतात. खरा फायदा म्हणजे पाय जागेवर राहतो. भरभर पायडल मारताना, खड्ड्यात दचका बसल्यावर निसटत नाही. माझ्या मते म्हणून जोराआधी सुटकेचा विचार करा.

शर्यत किंवा लांबचा मोकळा रस्ता असेल तर तीन स्क्रूचा प्रकार चांगला, तळवा रुंद टेकतो. शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये पिवळी क्लीट ६ अंश हलू देते, निळी २, आणि लाल अजिबात नाही. नवख्याने गुपचूप पिवळी घ्यावी. पण त्या बुटांनी चालताना बदकासारखं दिसतं. आणि आपल्याकडे सायकलवाला किती वेळा उतरतो? चहा, पंक्चर, फाटक, देऊळ. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, त्यातही चार वेळा टपरीवर उतरणं होतंच. म्हणून दोन स्क्रूचं एसपीडी बरं. त्यातही एसएच५१ क्लीट फक्त टाच बाजूला फिरवून सुटते, तर एसएच५६ ही वर ओढल्यावरही सुटते. घाबरल्यावर माणूस पाय वरच ओढतो ना! स्प्रिंगचा ताण कमी करायला पायडलवर बारीक स्क्रू असतो. माझा स्क्रू पूर्ण आवळलेला होता. शहाणपणा, दुसरं काय...

जुन्या सायकलींची गोष्ट वेगळी. आधी आटे बघा. बहुतेक ठिकाणी ९/१६ इंच, एका तुकड्याच्या क्रँकला १/२ इंच, आणि जुन्या फ्रेंच सायकलींना १४ मिलिमीटर असतात. चुकीचं पायडल जोर लावून घुसवलं तर क्रँक गेलाच. डावीकडचे आटे उलटे असतात हेही लक्षात ठेवा. चालवताना पायडल आपोआप सुटू नये म्हणून ही युक्ती. विमानवाले राइट बंधू सायकली बनवायचे तेव्हा १९०० मध्ये त्यांनी याचीच जाहिरात केली होती. इटलीत १९९७ पासून 'इरोइका' नावाची जुन्या रेसिंग सायकलींची फेरी भरते. तिथे सहसा टो-क्लिप आणि पट्टेच लागतात.

आणि आमची जुनी सायकल? मामाच्या गोठ्यात आजोबांची सेन-रॅले आहे. कॉटर पिनचे क्रँक, रबरी ठोकळ्यांची पायडलं. आजीला मागे बसवून ते याच सायकलवरून यात्रेला यायचे. मला तिला क्लिपलेस लावायची फार हौस होती. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "आबा धोतर अन् वहाणा घालून चालवत होते. चढ आला की उतरायचे, माणूस भेटला की उतरायचे. तुझ्या त्या पायडलवरून उतरता येते का?"

उत्तर नव्हतं. कोपर अजून सोललेलंच होतं.

रबरी पायडलं तशीच ठेवली, फक्त छर्रे धुऊन ग्रीस भरलं. रोड बाईकला एसएच५६ लावली, स्प्रिंग सैल केली, आणि गर्दी दिसली की शंभर फूट आधीच उजवा पाय बाहेर.

यंदा रामनवमी झाल्यावर आजोबांच्या सायकलवरून पुन्हा पोहरादेवीला गेलो. मंदिरापाशी पाय टेकला, उतरलो, चपला काढल्या. कोणाला धक्का लागला नाही.