एका सालातली दोन ताश्कंदे

ताश्कंद म्हटले की आमच्या पिढीच्या मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. १० जानेवारी १९६६ ला भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. शाळेच्या पुस्तकात ताश्कंदला एवढीच जागा होती. तिथे माणसे राहतात, बाजार भरतो, कालवे वाहतात, हे पुस्तकाने कधी सांगितले नाही. त्यामुळे उझबेकिस्तानच्या सहलीत ताश्कंद शहर एक दिवस पायी हिंडायचा योग आला, तेव्हा माझ्या मनात शास्त्रीजींखेरीज दुसरे काही नव्हते. परत येताना मात्र दुसरेच एक १९६६ साल बरोबर आले. त्याविषयी चार शब्द.

आम्ही बारामती-इंदापूरकडचे अकरा जण होतो. शहर दाखवायला आलेली मुलगी पंचविशीची, हिंदी छान बोलणारी. मी शिक्षक होतो हे कळल्यावर ती मला 'उस्तोज' म्हणू लागली. उस्तोज म्हणजे आपला उस्ताद. या वयात फुकटात उस्तादी मिळाली, नाही कशाला म्हणा!

सुरुवात चोरसू बाजारापासून झाली. नाव ऐकताच आमच्यातल्या एकाने खिसा चाचपला. पण यात चोर नाही. मूळ फारसी 'चार-सू', म्हणजे चार दिशा, म्हणजे आपला चौक. वर १९८० साली बांधलेला प्रचंड निळा घुमट, खाली मसाले, जर्दाळू, बेदाणे आणि गोल नक्षीदार रोट्यांच्या चळती. कानावर पडणारे शब्द ओळखीचे वाटत होते. बाजाराला 'बोझोर', दुकानाला 'दुकोन', दरवाज्याला 'दरवोझा', हवेला 'हावो'. फारसीने आपल्याला दिले तेच शब्द त्यांनाही दिले आहेत. ताश्कंद हे नाव मात्र तुर्की वळणाचे. 'तोश' म्हणजे दगड. दगडांचे गाव. गंमत अशी की या दगडांच्या गावातली जुनी घरे कच्च्या विटांची आणि मातीची होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुन्या शहरातून चालत आम्ही अंखोर कालव्यावर आलो. दोन्ही काठांना झाडी, मधून संथ पाणी. आमच्या तालुक्यातून नीरा डावा कालवा जातो, त्यामुळे कालवा दिसला की पाय आपोआप रेंगाळतात. पण हा कालवा नुसता पाण्याचा नाही, तो इतिहासाची सीमा आहे. १८६५ साली रशियन फौजांनी ताश्कंद घेतले आणि कालव्याच्या पलीकडे आपले नवे शहर वसवले. अलीकडे गल्लीबोळ आणि मशिदी, पलीकडे सरळ रुंद रस्ते. पुण्याच्या पेठा आणि लष्कर ज्याने पाहिले आहे त्याला यात नवीन काही नाही. राज्यकर्ता परका असला की आधी वेगळे राहायला जातो.

पलीकडच्या शहराच्या मधोमध अमीर तैमूरचा चौक आहे. ज्या मोगलांशी आपण पिढ्यान्‌पिढ्या झुंजलो, त्यांच्या बाबराचा हा पूर्वज. इथला घोड्यावरचा तैमूर १९९३ सालचा, म्हणजे उझबेकिस्तान स्वतंत्र झाल्यानंतरचा. त्याच्या आधी याच चौकात १९६८ पासून कार्ल मार्क्स होता. मार्क्सच्या आधी स्टालिन होता. आणि सर्वांत आधी, १९१३ साली, झारचा गव्हर्नर-जनरल काउफमन इथे उभा राहिला होता. मुलीने ही यादी हसत हसत सांगितली. शंभर वर्षांचा राजकीय इतिहास एका चौकात उभ्याउभ्या शिकवून झाला. मला वर्गात त्याला चार तास लागले असते.

तिथून आम्ही धैर्याच्या स्मारकापाशी आलो, आणि मुलीचे हसणे थांबले. जमिनीवर काळ्या दगडाचा एक मोठा ठोकळा आहे. त्याच्या एका बाजूला घड्याळ कोरले आहे, काटे ५ वाजून २३ मिनिटांवर. दुसऱ्या बाजूला तारीख आहे, २६ एप्रिल १९६६. ठोकळा मधून दुभंगलेला आहे आणि ती भेग जमिनीवरून धावत जाऊन एका पुरुषाच्या पायांशी थांबते. तो हात पुढे करून मागच्या स्त्रीला आणि मुलाला आडोसा देतो आहे.

त्या पहाटे ताश्कंदच्या पोटात, अगदी शहराच्या मध्याखाली, भूकंप झाला. तीव्रता पाचच्या थोडी वर, म्हणजे फार नव्हे. पण केंद्र जेमतेम काही किलोमीटर खोल होते आणि वर मातीची घरे. सुमारे तीन लाख माणसे बेघर झाली. मृतांचा सरकारी आकडा मात्र फार लहान आहे, वीसच्याही आत. मुलीची आजी त्या दिवसापासून कित्येक महिने तंबूत राहिली होती. नंतर सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून गवंडी, सुतार, इंजिनियर आगगाड्या भरभरून आले आणि काही वर्षांत नवे शहर उभे राहिले. १९७७ साली तिथे मध्य आशियातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. भूकंप होणारच हे गृहीत धरूनच ती बांधली आहे.

मी मनात दिवस मोजत होतो. ११ जानेवारी ते २६ एप्रिल म्हणजे १०५ दिवस. शास्त्रीजींचे पार्थिव विमानाकडे नेताना एका बाजूने खांदा देणारे अयूब खान आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन, हे छायाचित्र आमच्या पिढीने पाहिलेले आहे. तेच कोसिगिन भूकंपाच्या दिवशी ब्रेझनेव्ह यांच्यासह पुन्हा ताश्कंदला धावत आले होते. एकच साल, एकच गाव, तोच माणूस. पण आम्हाला जानेवारी ठाऊक, त्यांना एप्रिल.

त्या ठोकळ्यापुढे आम्हा अकरा जणांना जे आठवले ते मुलीला ठाऊक नव्हते. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. दहा हजारांच्या घरात माणसे गेली. तिथे भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या आणि माळवदाचे ओझे डोक्यावर. दगडांच्या गावात मातीची घरे होती म्हणून माणसे बेघर झाली. आमच्याकडे दगडाचीच घरे होती म्हणून ती गाडली गेली. तिला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "तुमच्याकडेही नवीन गावे बांधली का?" बांधली. सरळ रस्ते, सुटी सुटी घरे. पण शेजार मोडला, गल्ली गेली, पारावरची बैठक गेली. ती म्हणाली, "आजीही हेच म्हणायची. घर मिळाले, मोहल्ला नाही मिळाला."

तिच्या ठरलेल्या फेरीत शास्त्रीजी नव्हतेच. आम्ही आग्रह धरला तेव्हा गाडी करून शास्त्रीजींच्या नावाच्या रस्त्यावर गेलो. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. आता सांगायची पाळी माझी होती. १९६५ साली मी शाळकरी पोर होतो. देशात धान्याची टंचाई, रेशनवर अमेरिकेचा धान्याचा भरवसा, वर युद्ध. शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले, आणि आमच्या घरी सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. ज्यांच्याकडे इतर दिवशीही पोटभर नव्हते, त्यांनीसुद्धा सोमवार पाळला. असा हा माणूस करारासाठी इथे आला. बरोबर संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते आणि परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते. करार असा झाला की दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ च्या आधीच्या जागी परत जायचे. म्हणजे जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड सोडून द्यायची. जिंकलेले परत देण्याच्या कागदावर सही करणे किती जड गेले असेल, हे त्या पुतळ्यापुढे उभे राहिल्यावर अधिक कळले.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "उस्तोज, भारतातले पाहुणे इथे येऊन डोळे पुसतात हे मी नेहमी पाहते. सोमवारची गोष्ट मला आज कळली."

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. ज्या गावात आपण एक रात्र रडलो, त्या गावाचे स्वतःचे रडणे आपल्याला साठ वर्षे ठाऊक नसावे, हे इतिहास तारखांनी शिकवल्याचे फळ आहे. तारीख तोंडपाठ होते, पण त्या तारखेच्या आजूबाजूला राहणारी माणसे दिसत नाहीत. त्यासाठी तिथल्याच कुणाचे तरी बोट धरून चालावे लागते.

आणि मग आपल्याकडे कोण चालवतो? बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आहे, मोरोपंतांनी आयुष्य घालवलेली कऱ्हाकाठची जागा आहे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आणि तिच्या शेजारी चांदशावली दर्गा आहे. बाहेरून पाहुणे येतात आणि आपण त्यांना गाडीतूनच बोट दाखवतो. आपल्या पोरांपैकी कुणी तरी चार तास पायी हिंडवणारे तयार व्हायला हवे. त्याने वाडा आणि गढी दाखवावीच. पण कालव्याच्या पुलावर थांबून पाण्याआधीचे दिवस सांगावेत, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांचे सांगावे, आणि सोमवारी न पेटलेल्या चुलीचेही. पुतळे आणि वाडे कुणीही दाखवील. चुलीची गोष्ट ज्यांनी पाहिली ते आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसा, विचारा आणि लिहून ठेवा.