सोळाव्या वर्षाची देवडी

इंग्लंडातील विंचेस्टरचे विद्यालय विल्यम ऑफ वायकम या धर्माध्यक्षाने १३८२ साली सत्तर निर्धन विद्यार्थ्यांच्या अध्ययनार्थ स्थापिले, आणि १४४० साली सहाव्या हेन्रीने त्याच धर्तीवर ईटनची स्थापना केली. परंतु या धर्मादाय जागा पुढे दीर्घकाळ वशिल्याने व शिफारशीने भरल्या जाऊन दात्यांना अभिप्रेत असलेला मुलगा बहुधा देवडीबाहेरच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ज्या विचाराने हिंदुस्थानातील मुलकी नोकऱ्यांवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा नेमणुकीचा हक्क काढून १८५५ साली चढाओढीची परीक्षा आणली, त्याच विचाराने या विद्यालयांच्या शिष्यवृत्त्याही लेखी परीक्षेच्या हवाली केल्या. शिफारस हटली, पण प्रश्नपत्रिकेत निर्धनतेला गुण नव्हते.

गुण मिळवून देणारा व्यवसाय मात्र लवकरच भरभराटीस आला. धनिकांच्या मुलांकडून तेराव्या वर्षापर्यंत लॅटिन व ग्रीक घोटून घेणाऱ्या निवासी शाळांपैकी ईस्टबोर्नच्या एका शाळेने एरिक ब्लेअर या हुशार मुलाला कमी फीवर ठेवून घेतले, ते त्याने शिष्यवृत्ती मिळवून शाळेचा लौकिक वाढवावा या हिशेबाने. तो १९१७ साली ईटनमध्ये दाखल झाला, आणि जॉर्ज ऑर्वेल या नावाने प्रसिद्धी पावल्यावर त्या तयारीचे कटू वर्णन त्याने लिहून ठेवले. दुसरीकडे, सरकारी अनुदानाच्या माध्यमिक शाळांत १९०७च्या नियमांनी साधारण चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतील मुलांसाठी विनाशुल्क झाल्या. १९४४च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षीची निवड-परीक्षा सार्वत्रिक झाली, आणि घोकंपट्टीही तिच्यामागोमाग सामान्य घरांत शिरली.

या दारांनंतरचे दार सिक्स्थ फॉर्मचे; हा सोळाव्या वर्षानंतरचा, शाळेचा वरिष्ठतम वर्ग. रग्बी विद्यालयाचा मुख्याध्यापक टॉमस आर्नोल्ड (१८२८–१८४२) याने या वर्गाच्या हाती शाळेची शिस्त सोपविली, आणि १९५१ साली सुरू झालेल्या ए-लेव्हल परीक्षेने त्यास विद्यापीठाच्या उंबरठ्यावरील दोन वर्षांचे स्वरूप दिले. तेथवर खालच्या वर्गांतूनच चढून यावयाचे, हा परिपाठ. परंतु मार्लबरो विद्यालयाने १९६८ साली आणि विंचेस्टरने २०२२ साली मुलींना याच वर्गापासून प्रवेश दिला, लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागात २०१२ साली निव्वळ या दोन वर्षांसाठी निवडक विद्यार्थ्यांची विनाशुल्क शाळा निघाली, आणि २०१४ साली लंडन व एक्सेटर येथे गणिताच्या विशेष शाळा सुरू झाल्या.

अकरा वा तेरा वर्षांच्या वयात जे बाहेर राहिले, त्यांच्यासाठी ही दुसरी संधी होय. तथापि तिचे वेळापत्रक मोठे चमत्कारिक आहे. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेचा अभ्यासक्रम उन्हाळ्यात पूर्ण व्हावयाचा असताना, अनेक नामांकित शाळा त्याआधीच्या हिवाळ्याच्या सुमारास पुढे शिकावयाच्या विषयांत परीक्षा व मुलाखती घेतात. साहजिकच ज्याच्या शाळेने अभ्यासक्रम लवकर आटोपला, किंवा ज्याच्या घरी शिकवणीचा मास्तर येतो, तो अनोळखी प्रश्नांचा सराव करीत असतो, आणि इतरांचे धडेच शिकून व्हावयाचे असतात. शिफारशीचा अंमल संपला असे म्हणावयाचे, तर शिफारस करणाऱ्या उमरावाच्या जागी आलेला हा मास्तर किती घरांना परवडतो, याचाही हिशेब मांडला पाहिजे.