स्पर्धापद्धतीतील बदल आणि विजेतेपदाचे निकष : ‘बिग ट्वेल्व्ह’ कॉन्फरन्सचा २०१४ चा हंगाम

प्रस्तावना

अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या स्वायत्त गटांत विभागलेले असतात. प्रत्येक कॉन्फरन्स आपला विजेता ठरविते. राष्ट्रीय विजेता मात्र हंगामोत्तर सामन्यांतून ठरतो. हंगामोत्तर पद्धत बदलली की कॉन्फरन्सच्या अंतर्गत रचनेचे मोलही बदलते. हे प्रतिपादन ‘बिग ट्वेल्व्ह’ या कॉन्फरन्सच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘बिग ट्वेल्व्ह’चा पहिला हंगाम १९९६ मध्ये झाला. बारा संघांचे दोन विभाग होते आणि विभागविजेत्यांमध्ये अंतिम सामना होत असे. १९९८ मध्ये ‘बीसीएस’ पद्धत लागू झाली. मतचाचण्या आणि संगणकीय क्रमवारी यांच्या आधारे ती केवळ दोन संघांना राष्ट्रीय अंतिम सामन्यासाठी निवडत असे. त्याच वर्षी तोपर्यंत अपराजित असलेला कॅन्सस स्टेट हा संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमकडून ३६-३३ असा पराभूत झाला आणि त्याची राष्ट्रीय विजेतेपदाची संधी हुकली. अंतिम सामना हा मान असला तरी तो धोकाही ठरू शकतो, हे यातून दिसून आले.

पुढे नेब्रास्का व कोलोरॅडो ही विद्यापीठे बाहेर पडल्याने २०११ पासून सदस्यसंख्या दहावर आली. अंतिम सामन्यासाठी किमान बारा सदस्य असावेत, असा राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा (एनसीएए) तत्कालीन नियम असल्याने तो सामना बंद झाला. त्याऐवजी प्रत्येक संघ उर्वरित नऊही संघांशी खेळू लागला. या रचनेचा गौरव ‘एकच खरा विजेता’ या घोषवाक्याने केला जात असे.

२०१४ चा हंगाम

२०१४ मध्ये ‘बीसीएस’च्या जागी चार संघांची बाद फेरी आली आणि निवडीचा अधिकार एका समितीकडे गेला. कॉन्फरन्सचे विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांचे सामर्थ्य आणि परस्परांतील सामन्यांचे निकाल हे घटक समितीने विचारात घ्यावयाचे होते.

११ ऑक्टोबर रोजी बेलरने चौथ्या सत्रातील २१ गुणांची पिछाडी भरून काढून टीसीयूवर ६१-५८ असा विजय मिळविला. पुढच्याच आठवड्यात वेस्ट व्हर्जिनियाने बेलरला ४१-२७ असे हरविले. हंगामाअखेर दोन्ही संघांच्या खात्यावर ११ विजय व १ पराभव होता. परस्परांतील निकाल बेलरच्या बाजूने असूनही कॉन्फरन्सने दोघांना संयुक्त विजेते घोषित केले. घोषवाक्य आणि व्यवहार यांतील ही विसंगती निर्णायक क्षणी उघड झाली.

अखेरच्या आठवड्यापूर्वी समितीच्या क्रमवारीत टीसीयू तिसऱ्या स्थानावर होता. त्याने आयोवा स्टेटला ५५-३ असे नमविले. तरीही ७ डिसेंबरच्या अंतिम क्रमवारीत तो सहावा आणि बेलर पाचवा ठरला. चौथे स्थान ओहायो स्टेटला मिळाले. या संघाने आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनचा ५९-० असा पराभव केला होता.

विश्लेषण

केवळ अंतिम सामन्याच्या अभावामुळे हे घडले, असे म्हणणे एकांगी ठरेल. कॉन्फरन्सबाहेर बेलरचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, तर ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता ठरल्याने समितीची निवड समर्थनीय ठरली. तथापि निवडलेले चारही संघ आपापल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना, म्हणजे हंगामातील तेरावा सामना, जिंकून आले होते. बेलर व टीसीयू यांच्यापाशी तेराव्या सामन्याचा पुरावाच नव्हता. १९९८ मध्ये ज्या सामन्याने घात केला, त्याच सामन्याचा अभाव २०१४ मध्ये नडला. टीसीयूने ३१ डिसेंबर रोजी ओले मिसवर ४२-३ असा विजय मिळवून आपली गुणवत्ता दाखविली, परंतु तोपर्यंत निवड होऊन गेली होती.

समारोप

जानेवारी २०१६ मध्ये एनसीएएने बारा सदस्यांची अट शिथिल केली आणि २०१७ पासून ‘बिग ट्वेल्व्ह’ने अंतिम सामना पुन्हा सुरू केला. २०२२ मध्ये टीसीयू हाच सामना हरला, तरी चार संघांत निवडला गेला आणि राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. २०२४ पासून बाद फेरी बारा संघांची झाली. गुणवत्ता मैदानावर सिद्ध होत असली तरी तिची मान्यता मोजमापाच्या पद्धतीवर अवलंबून असते. म्हणून मूल्यमापनाची पद्धत बदलताना जुन्या रचनेत प्रामाणिकपणे खेळणाऱ्यांवर होणाऱ्या परिणामांचा विचार बदलापूर्वीच व्हावयास हवा, हाच या हंगामाचा ऐतिहासिक बोध होय.